जाळीची खोली गाडीला नको, जागेला हवी

जुलैतला शनिवार. कामशेतहून पवनानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली, तिकोन्याचे टोक ढगात बुडालेले, खाचरांतून भाताची लावणी चाललेली. पवना धरणाच्या काठाला एखादी कॅरव्हॅन येऊन थांबते. तिच्या डाव्या अंगाने गुंडाळी उलगडावी तसे कापडी छत बाहेर येते. छताच्या कडेला चेनने जाळीच्या भिंती जोडल्या जातात आणि दहा-पंधरा मिनिटांत गाडीला चिकटून एक खोली उभी राहते. आत घडीच्या खुर्च्या, मधे टेबल, टेबलावर थर्मास. पाच वाजेपर्यंत सगळे कॅटलॉगातल्या फोटोसारखे देखणे. मग तुंगच्या बाजूने सर येते. वारा छताच्या पोटात शिरतो, कापड फुगते, खुंट्या चिखलातून लोण्यातल्या सुरीसारख्या सुटून येतात, आणि जाळीतून आलेले तुषार थर्मासपासून थोरल्या आजीपर्यंत सर्वांना सारखेच भिजवतात. पुढच्या पाच मिनिटांत सगळे कुटुंब गाडीच्या आत, पाय पोटाशी घेऊन बसलेले असते.

यावर दुकानदाराचे उत्तर तयार असते: माल स्वस्तातला होता, जाड कापडाचा घ्या. पण दोष कापडाच्या जाडीत नाही. मावळात, निदान पावसाळ्याचे चार महिने, जाळीची खोली गाडीला बांधणे हीच मुळात चुकीच्या जागी केलेली हौस आहे. ती खोली हवी, नक्की हवी. पण ती गाडीबरोबर फिरणारी नको. गाडी जिथे येऊन उभी राहणार, तिथे ती आधीपासून उभी असली पाहिजे.

ही कापडी खोली आली कुठून, हे पाहिले की घोळ लक्षात येतो. हौसेखातर भटकण्यासाठी बांधलेली पहिली कॅरव्हॅन म्हणून ‘वाँडरर’चे नाव घेतात. गॉर्डन स्टेबल्स या डॉक्टर-लेखकाने १८८५ मध्ये ती ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्यात बांधून घेतली. ओढायला घोडे होते. घोडे गेले, इंजिन आले, तरी एक गोष्ट बदलली नाही. गाडी आतून कितीही सजवली तरी ती निजण्याची जागा. बसण्याउठण्याची, गप्पांची जागा गाडीबाहेरच लागते. म्हणून युरोपात गाडीच्या टपाला गुंडाळीचे छत आले, मग त्या छताला भिंती आल्या. इटलीची फियामा कंपनी अशा भिंतींचा संच ‘प्रायव्हसी रूम’ या नावाने विकते. ब्रिटनमध्ये या सगळ्या प्रकरणाला ऑनिंग म्हणतात, ऑस्ट्रेलियात अ‍ॅनेक्स. मराठीला यासाठी नवा शब्द शोधायची गरज नाही. तंबूच्या बाजूने लावायच्या कापडी भिंतीला आपण पेशवाईच्या आधीपासून कनात म्हणत आलो आहोत.

आता इटलीचे हवामान डोळ्यांपुढे आणा. भूमध्य समुद्राकाठचा उन्हाळा कोरडा असतो. तिथला पाऊस मुख्यत्वे हिवाळ्यातला. लोक सुट्टीवर निघतात तेव्हा ऊन असते आणि पाऊस पडतो तेव्हा गाडी घरी झाकून ठेवलेली असते. छताचे काम सावली देणे, जाळीचे काम डास अडवणे. मावळात नेमके उलटे आहे. लोणावळ्याचा हंगाम म्हणजेच पाऊस. माणसे ऊन चुकवायला इथे येत नाहीत. ती भिजायला येतात आणि भिजून झाल्यावर कोरड्यात बसून कणीस खायला येतात. सावलीसाठी घडवलेली वस्तू आपण पावसाच्या तोंडी देतो आणि मग ती टिकली नाही म्हणून हळहळतो.

थोडे गणित मांडू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी जमते. तीन मीटर लांब आणि अडीच मीटर बाहेर आलेले छत म्हणजे साडेसात चौरस मीटर. पन्नास मिलिमीटरची एक जोरदार सर आली, तर त्या छतावर ३७५ लिटर पाणी पडते. उतार नीट असेल तर ते वाहून जाते. पण कापड ओले झाले की सैल पडते, सैल पडले की मधे खोलगा होतो, आणि खोलग्यात पाणी साचले की तो आणखी खोल होतो. चौरस मीटरभर जागेत दहा सेंटीमीटर पाणी तुंबले, तरी शंभर किलो वजन झाले. ते तोलून धरायला दोन बारीक अ‍ॅल्युमिनियमचे हात आणि टपाच्या पत्र्यात बसवलेले काही स्क्रू. म्हणूनच या छतांच्या पुस्तिकांत सूचना असते: जोराचा वारा किंवा मोठा पाऊस आला, तर छत गुंडाळून ठेवा. म्हणजे ज्या दिवशी छप्पर हवे, त्या दिवशी ते वापरायचे नाही.

पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पासष्ट किलोमीटरवर, ६२० मीटरहून थोड्या जास्त उंचीवर वसलेल्या लोणावळ्यात तो चार हजारांच्या पुढे जातो. चोवीस तासांत दोनशे मिलिमीटर ही तिथे जुलैतली आतल्या पानावरची बातमी असते. पुण्यात बसून, पुण्याच्या पावसाचा अंदाज धरून घेतलेली कनात खंडाळ्याच्या कड्यावर टिकेल, असे मानणे धाडसाचेच.

त्यात हा पाऊस सरळ पडत नाही. कोकणातून वर चढणारा वारा घाटमाथ्यावर येतो आणि थेंबांना आडवे करतो. आडव्या पावसापुढे जाळी म्हणजे चाळण. मोठा थेंब तिच्यावर आपटून फुटतो आणि त्याचे धुके होऊन आत येते. जाळीला बाहेरून प्लास्टिक लावावे, तर खोलीचे शीड होते. वारा गाडीलाच गदागदा हलवतो. शिवाय रविवारी संध्याकाळी निघताना हे सगळे ओलेच गुंडाळावे लागते. बुधवारपर्यंत घडीत बुरशी धरते आणि पुढच्या शनिवारी गाडीभर कुबट वास. मावळातल्या घरांत श्रावणात गोधड्या वाळत नाहीत, तिथे नायलॉनची घडी कुठून वाळणार?

याचा अर्थ जाळीच नको असा नाही. उलट मावळात जाळीची गरज बारा महिने आहे. फक्त अडवायचे ते दर महिन्याला वेगळे असते. मेअखेरीला, पहिल्या वळवानंतर, दिव्यावर पंखवाल्या वाळव्यांची झुंबड उडते आणि ताटात पंखांचा खच पडतो. पावसाळ्यात डास, त्यातही दिवसा चावणारे डेंग्यूचे. आणि भात निसवला की तुडतुडे. मावळ हे इंद्रायणी तांदळाचे माहेर. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये हे वाण दिले. खाचरातले तुडतुडे रात्री उजेडाकडे धाव घेतात. खाचराशेजारी पांढरा दिवा लावून जेवायला बसलेल्या शहरी कुटुंबाला ते आमटीत भेटतात. डासासाठी सव्वा-दीड मिलिमीटर छिद्राची जाळी पुरते आणि तीन-चार मिलिमीटरचा तुडतुडाही तिच्यातून येत नाही. चिलटासाठी बारीक जाळी लावावी, तर वारा अडतो आणि आत घामाघूम व्हायला होते. त्यापेक्षा पांढऱ्याऐवजी पिवळा, मंद दिवा लावला तर निम्मे काम होते. राजमाचीकडे मेअखेर आणि जूनच्या सुरुवातीला काजवे पाहायला जाणाऱ्यांना मंद दिव्याचे दुसरेही कारण माहीत असते.

जाळी हवी, छप्परही हवे. मग ते कसले? उत्तर मावळच्या प्रत्येक जुन्या घराला लागून उभे आहे. पडवी.

पडवी ही घराची अर्धी आत, अर्धी बाहेर असलेली खोली. पाहुणा तिथे टेकतो, भाताची पोती तिथे विसावतात, म्हातारी माणसे तिथे पावसाकडे पाहत वाती वळतात. छप्पर मुख्य घराचेच, पुढे उतरत आलेले. त्याची वळचण जोत्याच्या बरीच बाहेर, म्हणजे पागोळ्या अंगणात पडाव्यात. पावसाळा जवळ आला की पश्चिमेच्या अंगाला कारवीचा किंवा गवताचा कूड बांधायचा, आणि दिवाळीनंतर तो सोडून ठेवायचा. चारही बाजू कधीच बंद करायच्या नाहीत. पाऊस जिकडून येतो तेवढीच बाजू झाकायची. ही सगळी हुशारी हवामान खात्याच्या नकाशाशिवाय आलेली आहे.

ती किती जुनी आहे, हे पाहायला मळवली स्टेशनावर उतरायचे. एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला महामार्ग ओलांडून कार्ले. दोन्हींची चैत्यगृहे पश्चिमेकडे तोंड करून आहेत, म्हणजे पावसाला छातीवर घेणारी. भाज्याच्या चैत्यगृहापुढे एकेकाळी लाकडी दर्शनी भाग होता. तो जिथे बसवला होता त्या खोबणी दगडात आजही दिसतात. कार्ल्याला चैत्यापुढे व्हरांडा आहे आणि व्हरांड्यापुढे पुन्हा दगडात राखलेली पडदी. भाज्याच्या एका विहाराला खांबांची पडवी आणि दगडातच कोरलेली जाळीदार खिडकीही आहे. भिक्खूंनी पावसाळ्यात भटकू नये, एका जागी थांबावे, असा बौद्ध संघाचा नियम होता; त्यालाच वर्षावास म्हणतात. बाकीचे महिने फिरणाऱ्यांनी पावसाचे तीन महिने ज्या पडव्यांत काढले, त्यांपैकी काही मावळात दोन हजार वर्षांनंतरही उभ्या आहेत. त्यांनी पडवी पाठीवर बांधून नेली नव्हती. ती त्यांच्या वाटेवर होती.

यावर कोणी म्हणेल, महाराष्ट्रात फिरती पडवीही आहेच की. खरे आहे, आणि तिचा सर्वांत मोठा मेळा दर आषाढात पाहायला मिळतो. देहू-आळंदीहून पालख्या निघाल्या की प्रत्येक दिंडीमागे तिचा ट्रक असतो. मुक्कामाच्या गावी ट्रक आधी पोचतो. राहुट्या ठोकल्या जातात, ट्रकच्या फळीपासून ताडपत्री ओढून बल्लीला बांधली जाते आणि तिच्याखाली चूल पेटते. गाडीला चिकटलेली कापडी खोली म्हणतात ती हीच. वारकऱ्यांना ती शिकायला कुठल्या कॅटलॉगची गरज पडली नाही. पण दिंडी रोज गाव बदलते, तिला दुसरा पर्याय नाही. आणि ती घाटमाथ्याकडे पाठ फिरवून सासवड, जेजुरी, फलटणच्या कमी पावसाच्या मुलखात उतरते. लोणावळ्याला आलेला पर्यटक दोन रात्री एकाच जागी थांबतो, तोही राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यात. ताडपत्रीची अक्कल दिंडीकडून घ्यावी. मुक्काम मात्र वेगळा आहे, हे विसरू नये.

पवनेकाठच्या कॅम्पवाल्यांना हे कळून चुकले आहे. हिवाळ्यात ते घुमटाकार तंबू थेट काठावर, उघड्या आभाळाखाली लावतात. पावसाळ्यात अनेक ठिकाणी तेच तंबू पत्र्याच्या लांबलचक शेडखाली ओळीने उभे दिसतात. शहरातून आलेली मंडळी कुरकुरतात की हे कसले कॅम्पिंग, तंबूवर पत्रा! पण पत्र्याखालच्या तंबूतला माणूस रात्री कोरडा झोपतो आणि बाहेरचा दोन वाजता गाडीत जाऊन बसतो. ठाकूरसाई, गेव्हंडे, ब्राह्मणोली भागातल्या शेतकऱ्यांनी अनुभवातून काढलेला हा तोडगा कॅरव्हॅनच्या धोरणात मात्र आलेला नाही.

महाराष्ट्राने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण २०२१ मध्ये आणले. गाड्यांना उत्तेजन आणि त्यांच्यासाठी कॅरव्हॅन पार्क, असे त्याचे दोन भाग. त्याच वर्षी केरळने ‘केरव्हॅन केरळ’ची घोषणा केली आणि २०२२ मध्ये वागमोन इथे तिथले पहिले पार्क सुरू झाले. गाडीच्या बांधणीसाठी देशात एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. पुण्याला तर हा विषय घरचाच: वाहनांची चाचणी करणारी एआरएआय वेताळ टेकडीवर, आणि ज्या ट्रॅव्हलर गाड्यांवर पुष्कळ देशी कॅरव्हॅन बांधल्या जातात, त्या बनवणाऱ्या फोर्स मोटर्सचे मुख्यालय आकुर्डीला. गाडीचा विचार झाला. पार्कसाठी रस्ता, पाणी, विजेचा विचार झाला. गाडीतून उतरलेला माणूस संध्याकाळी सहा ते दहा बसणार कुठे, ही बाब त्याच्या त्याच्यावर सोडली गेली. तो मग ऑनलाइन जाळीची खोली मागवतो.

त्याऐवजी पार्कमधल्या प्रत्येक जागेला पक्क्या छपराची, जाळीच्या भिंतींची एक छोटी पडवी असावी. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद एवढी पुरे. जोते जमिनीपासून फूटभर वर, त्यावर शहाबादी फरशी, भोवती पाणी वाहून नेणारा चर. छप्पर पत्र्याचे किंवा कौलाचे, उतार पावसाळी मुलखाला साजेसा, वळचण दोन-तीन फूट बाहेर. भारतात गाडीचे प्रवाशांचे दार डावीकडे असते, त्यामुळे पडवी गाडीच्या डाव्या हाताला. छपराची उंची टपावरच्या एसीसकट गाडीचा हिशेब धरून ठेवायची, म्हणजे वळचणीची कड गाडीच्या टपावर थोडी पुढे येईल आणि दारातून पाऊल टाकले की माणूस कोरड्यात. गाडी आणि पडवी यांच्यामधली फट झाकायला हातभर रुंदीचा कापडी पट्टा, तोही आकड्यांवर अडकवायचा; गाडीला भोक पाडायचे नाही. जाळी लाकडी किंवा लोखंडी चौकटीत ताणलेली, म्हणजे एक चौकट फाटली तर तेवढीच बदलता येते. पश्चिमेला जाळीच्या बाहेरून गुंडाळता येणारी ताडपत्रीची झडप: सर आली की सोडायची, गेली की वर. उरलेल्या दोन बाजू सदा मोकळ्या, वारा खेळता.

यात परदेशातून आणण्यासारखे काही नाही. तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा इथले मांडववाले गणपतीपासून लग्नसराईपर्यंत हेच काम करतात. ताडपत्री कुठे दुहेरी शिवायची, कडी कुठे ठोकायची, दोरीला किती ढील द्यायची, हे त्यांना विचारून करावे. गवंडी, पत्रे बसवणारा, शिवणारा, फॅब्रिकेटर, सगळे तालुक्यातलेच. जाळीची खोली डब्यात बंद होऊन कुरिअरने आली, तर तिचा पैसा मावळात फक्त कुरिअरवाल्या पोराच्या पेट्रोलपुरता थांबतो.

बंदिस्त खोलीचा एक धोका मात्र कॅटलॉगवाले बारीक अक्षरांत छापतात आणि कोणी वाचत नाही. पाऊस कोसळत असताना जाळीला प्लास्टिक लावून आत कोळशाची शेगडी पेटवली, की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना रंग, ना वास. माणूस गुंगीत जातो आणि उठत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे थंडीसाठी गॅसचा हीटर लावून झोपलेले केरळमधले आठ पर्यटक असेच गेले. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅरव्हॅनमध्ये दोघे मृत आढळले. जनरेटरचा धूर आत शिरला होता. पहिली घटना पक्क्या इमारतीतली आणि दुसरी चांगल्या, तयार गाडीतली. चारही बाजूंनी प्लास्टिक सोडलेली कापडी खोली तर हवेच्या बाबतीत त्याहून बेभरवशाची, कारण ती बंद झाल्याचे कोणाला जाणवतच नाही. शिवाय स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तळाशी साचतो. म्हणून पडवीत चूल नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून हवा. कणीस भाजायचे, भजी तळायची, तर चार पावलांवर वेगळे छप्पर, चारही बाजूंनी उघडे. जनरेटर तर नकोच. जागेला विजेची जोडणी असेल तर तो लागतही नाही.

या सूचनेला दोन आक्षेप येतील. दोन्ही दखल घेण्याजोगे आहेत.

पहिला गाडीमालकांचा. कॅरव्हॅन घेतली ती मनाला येईल तिथे थांबण्यासाठी. ठरलेल्या पडवीलाच जाऊन लागायचे, तर हॉटेल काय वाईट? आठ महिने हा आक्षेप बरोबर आहे. ऑक्टोबर सरला की मावळ कोरडा होतो. मग ज्याला हवे त्याने गाडीचे छत काढावे, जाळी लावावी, तिकोन्याच्या पायथ्याला पौर्णिमा बघावी. फक्त छताचा एक पाय खाली ठेवावा, म्हणजे अवकाळी आला तर पाणी एका कोपऱ्याने उतरेल. पावसाळ्यात मात्र ‘मनाला येईल तिथे’ हे शब्दच सह्याद्रीत धोक्याचे आहेत. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गाडले गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री घाटाखाली, खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. पिढ्यान्‌पिढ्या त्या डोंगराच्या कुशीत राहणाऱ्यांना जिथे अंदाज आला नाही, तिथे शनिवारी संध्याकाळी अंधारात गाडी लावणाऱ्याला काय येणार? उतार, ओढा, दरड पाहून आधी ठरवलेली जागा हे पावसाळ्यात बंधन नाही, ती सोय आहे.

दुसरा आक्षेप गावकऱ्यांचा आणि पर्यावरणाची काळजी करणाऱ्यांचा, आणि तो जास्त वजनदार. आज जाळीची पडवी, उद्या जाळीच्या जागी वीट, परवा वर मजला. पुण्या-मुंबईतल्या बाल्कन्यांचा इतिहास पाहता ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. मराठी मध्यमवर्गाने मोकळी बाल्कनी सरकत्या काचा लावून बंद केल्याशिवाय घर लागल्याचे समाधान मानलेले नाही. पवनेकाठी तर जमिनीचे दुखणे जुनेच आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झालेल्या या धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अनेक दशके रेंगाळला. त्याच पाण्याच्या काठावर आता बंगल्यांच्या कुंपणांनी पायवाटा अडतात.

म्हणून नियम लिहिताना शब्द मोजून लिहावे लागतील. पडवीला तीन बाजूंनी जाळीच. वीट, काच, पत्र्याची भिंत यांपैकी काहीही लागले की परवाना रद्द. पूररेषेच्या आत आणि धरणासाठी संपादित जमिनीवर एकही जोते नाही. एका जागी किती पडव्या, याला वरची मर्यादा. सांडपाण्याची टाकी रिकामी करण्याची सोय असेल तरच परवाना, कारण पवनेचे पाणी पुढे पिंपरी-चिंचवडच्या नळाला जाते. आणि अशा जागा चालवण्याचा पहिला हक्क धरणग्रस्त कुटुंबांना. ज्यांच्या घरांच्या पडव्या पाण्याखाली गेल्या, त्यांनी पाहुण्यांच्या पडवीचे भाडे घ्यावे, यात उपकार कसला?

नियम अपघाताआधी लिहिले जावेत, एवढीच यात घाई आहे. मावळात आजवर उलटा क्रम राहिला. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या वरच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. त्यानंतर प्रतिबंधाचे आदेश निघाले. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांसह कोसळला आणि चौघांचा जीव गेला. त्यानंतर पुलांची पाहणी सुरू झाली. जुलै २०२५ मध्ये लोहगड जागतिक वारसा यादीत गेला आहे. म्हणजे पायथ्याशी येणाऱ्या गाड्या कमी होणार नाहीत. त्यांतल्या काही कॅरव्हॅन असतील. पहिली कनात उडून कोणाच्या अंगावर पडेपर्यंत किंवा पहिली शेगडी कोणाचा जीव घेईपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही.

सुरुवात करायला नवी जमीनही लागत नाही. कार्ल्याला, जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगत, इंद्रायणीकाठी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे. वीज आहे, पाणी आहे, रस्ता आहे, वरच्या डोंगरात लेणी आहेत. पूररेषा सोडून उरलेल्या आवारात आठ-दहा पडव्या उभ्या कराव्यात: काही पत्र्याच्या, काही कौलाच्या, काहींना नायलॉनची जाळी, काहींना फायबरग्लासची, झडप काहींना ताडपत्रीची, काहींना बांबूच्या तट्ट्याची. जून ते सप्टेंबर त्यांत लोकांना राहू द्यावे आणि घटस्थापनेच्या सुमारास जाऊन पाहावे की कुठली जाळी फाटली, कुठल्या फरशीवर शेवाळ आले, कुठल्या कोपऱ्यात पाणी शिरले आणि कुठल्या पडवीत पाहुणे रात्री अकरापर्यंत बसून राहिले. मग तोच नकाशा शिलिंब, तुंग, भाजे इथल्या शेतकऱ्यांना फुकट द्यावा, सोबत सामानाची यादी आणि तालुक्यातल्या कारागिरांची नावे. मावळात घरे शाकारायची वेळ वैशाखात असते. पडव्यांचे काम त्याआधी, होळी झाल्याबरोबर हाती घेतले तर पहिल्या सरीला छपरे तयार असतील.